परिचारिकेची लेखणी

परिचर्या-विद्यालयाच्या वसतिगृहांत रात्रीं दहा-अकराच्या सुमारास डोकावून पाहिलें, तर एखादी तरी विद्यार्थिनी मोठ्या कागदावर पट्टीनें उभ्या रेघा मारीत बसलेली दिसते. कागदाचे पांच-सहा रकाने होतात. पहिल्यांत रोग्याची पाहणी, दुसऱ्यांत त्याची अडचण, तिसऱ्यांत साधावयाचें उद्दिष्ट, चौथ्यांत करावयाची शुश्रूषा, पांचव्यांत तिच्यामागील शास्त्रीय कारण, आणि शेवटच्यांत तिचें फळ काय मिळालें याची नोंद. या कागदाला त्या मुली 'केअर प्लॅन' म्हणतात. आपण त्याला शुश्रूषा-योजना म्हणूं. दिवसभर वॉर्डांत उभें राहून पाय भरून आलेले असतां हें लेखन गोड वाटावें अशी अपेक्षा कोणीहि करणार नाहीं. "रोग्याजवळ बसावयाचें सोडून हे रकाने कशासाठीं भरावयाचे?" असा प्रश्न प्रत्येक पिढींतील विद्यार्थिनींनीं विचारला आहे, आणि तो गैर नाहीं.

परंतु, श्रोतेहो, या साध्या कागदाच्या मागें दीडशेंहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीनें विचार करावा कीं नाहीं, केलेला विचार लिहून ठेवावा कीं नाहीं, आणि लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी घ्यावी कीं नाहीं, या तीन प्रश्नांचा तो इतिहास आहे. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच सांपडण्यासारखें आहे.

आपल्याकडे चरकसंहितेनें चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगीं चार गुण असावे, असें तेथें म्हटलें आहे. उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता, हे ते गुण. परिचारकाला वैद्याच्या बरोबरीनें चिकित्सेचा एक पाय मानण्याइतकी थोर दृष्टि या विवेचनांत आहे. मात्र या चार गुणांत लेखनाचा समावेश नाहीं. घरांत आजारी माणसाच्या उशाशीं आई, बहीण किंवा सून बसत असे, तोंवर लेखनाची उणीवहि कोणाला भासली नसेल. रात्रीं किती वेळां पाणी मागितलें, पेज किती पोटांत गेली, घाम केव्हां फुटला, हें सारें तिच्या ध्यानांत राही. कारण रोगी एक आणि त्याच्याकडे पाहणारीहि एकच. मायेची आठवण हीच तेथें वही होती.

मोठीं इस्पितळें उभीं राहिलीं, आणि हा हिशेब मोडला. एका दालनांत तीस-चाळीस खाटा, आणि पाळीपाळीनें बदलणाऱ्या परिचारिका. दिवसा जिनें रोग्याला पाहिलें ती रात्रीं नाहीं. रात्रीं जिनें पाहिलें ती सकाळीं झोंपावयास गेलेली. रोगी तोच, पण त्याला पाहणारे डोळे मात्र दर पाळीला निराळे. अशा ठिकाणीं माया असली तरी आठवण तुटते, आणि आठवण तुटली कीं माया आंधळी होते.

हें दुखणें ज्या व्यक्तीनें सर्वांत आधीं नेमकें ओळखलें, ती म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. १८५४ च्या नोव्हेंबरांत अडतीस परिचारिका बरोबर घेऊन बाई तुर्कस्तानांतील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत दाखल झाल्या. त्यांच्या हातांतला दिवा जगाच्या ध्यानांत राहिला. त्यांच्या दुसऱ्या हातांत लेखणी होती, याचा मात्र बहुतेकांना विसर पडला. क्रिमियाहून परतल्यावर बाईंनीं मृत्युसंख्येचे तक्ते आणि आकृत्या मांडून, सैनिक जखमांपेक्षां इस्पितळांतील घाणीनें अधिक मरतात, हें सरकारला दाखवून दिलें. १८५९ सालीं लिहिलेलें त्यांचें 'नोट्स ऑन नर्सिंग' हें छोटेखानी पुस्तक घराघरांतून आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या स्त्रियांसाठीं होतें. तरीहि आजची शुश्रूषा-योजना ज्या दोन विचारांवर उभी आहे, ते दोन्ही विचार त्या पुस्तकांत मिळतात.

पहिला विचार निरीक्षणाचा. रोग्याची रात्र चांगली गेली का, हा प्रश्न बाईंना निरुपयोगी वाटे. कोणाला दोन तासांची झोंप म्हणजे चांगली रात्र वाटते, तर कोणाला दहा तासांच्या झोंपेंतून एकदां जाग आली तरी रात्र वाईट गेली असें वाटतें. म्हणून झोंप किती तास लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळीं लागली, असें विचारावें, हा त्यांचा उपदेश. ताटांतलें अन्न जसेंच्या तसें परत गेलें, तर तें उचलून नेण्यापूर्वी कां गेलें हें पाहावें. रोग्याच्या पाठीला चट्टा पडला, तर दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो, असें बाईंनीं स्पष्ट म्हटलें आहे. 'बरा आहे', 'तसाच आहे' अशा गुळगुळीत शब्दांवर त्यांचा मोठा राग.

दुसरा विचार याहूनहि खोल आहे. पुस्तकाच्या एका प्रकरणांत व्यवस्थेची चर्चा आहे. मी येथें असतांना जें नीट होतें, तें मी येथें नसतांनाहि कसें होईल, ही चिंता ज्या परिचारिकेला नाहीं तिची सारी मेहनत फुकट जाण्याचा संभव असतो, असा त्या प्रकरणाचा मथितार्थ. प्रत्येक काम मी स्वतः कसें करीन, असें न विचारतां, हें काम नेहमीं होत राहील अशी तजवीज कशी करूं, असें तिनें विचारावें. शुश्रूषा-योजना हा शब्दहि जन्मला नव्हता, त्या काळीं तिचें बीज या वाक्यांत पडलें.

१८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत नाइटिंगेलबाईंच्या नांवाची शाळा निघाली. पहिल्या तुकडींत पंधरा उमेदवार स्त्रिया होत्या. शाळेला विरोधहि झाला. त्याच रुग्णालयांतील साउथ नांवाच्या एका वजनदार शल्यवैद्यांनीं १८५७ सालींच आपलें मत छापून प्रसिद्ध केलें होतें. वॉर्डांतील परिचारिका म्हणजे घरकाम करणाऱ्या मोलकरणीसारखी. पोटीस कसें करावें एवढें आलें म्हणजे तिला फारसें शिकवण्याची गरज नाहीं, असा त्यांचा अभिप्राय. अशा वातावरणांत नाइटिंगेलबाईंच्या शाळेंतील मुलींना व्याख्यानांचीं टिपणें काढण्यास, रोग्यांच्या हकीकती लिहिण्यास आणि रोजच्या कामाची दैनंदिनी ठेवण्यास सांगितलें जाऊं लागलें. ह्या वह्या बाई स्वतः वाचीत. म्हणजे रकाने भरण्याचा जाच आजकालचा नव्हे. मात्र त्या वेळीं तो जाच मोलकरणीला विद्यार्थिनी करणारा होता.

लेखणी हातीं आली, म्हणून ज्ञानाचें दार उघडलें असें मात्र झालें नाहीं. अमेरिकेंत परिचर्येच्या शाळेंतून पदविका घेऊन बाहेर पडलेली पहिली स्त्री म्हणून लिंडा रिचर्ड्स यांचें नांव घेतलें जातें. १८७३ सालीं बोस्टन येथील स्त्रिया व मुलें यांच्या रुग्णालयांतून त्या शिकून निघाल्या. त्या शाळेंत औषधांच्या बाटल्यांवर नांवाऐवजीं आंकडे असत, अशी हकीकत बाईंनीं आपल्या आठवणींत सांगितली आहे. अमुक खाटेच्या रोग्याला तीन नंबरच्या बाटलींतील औषध द्यावयाचें. तें कोणतें, कशासाठीं, हें परिचारिकेनें जाणण्याचें कारण नाहीं! हात तिचे, पण डोकें दुसऱ्याचें, अशी ती वांटणी होती.

याच लिंडाबाई पुढें न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयांत रात्रपाळीच्या प्रमुख झाल्या. रात्रीचा वृत्तांत सकाळीं तोंडीं सांगावयाचा, अशी तेथील रीत. तोंडीं वृत्तांतांत काय होतें हें आपण जाणतों. थकलेली परिचारिका ठळक तेवढें सांगते, बारीक तें गळतें, आणि रोग्याचें मरण-जगणें पुष्कळदां त्या बारकाव्यांतच असतें. लिंडाबाईंनीं गंभीर रोग्यांच्या रात्रीची लेखी नोंद ठेवण्याचा परिपाठ पाडला. त्या नोंदी डॉक्टरांच्या उपयोगीं पडल्या, म्हणून त्या टिकल्या. पुढें १८७७ सालीं लिंडाबाई इंग्लंडास गेल्या, सेंट टॉमसची शाळा आणि नाइटिंगेलबाई यांना भेटून आल्या, आणि १८८५ नंतर जपानांतील क्योतो येथें जाऊन परिचर्येची शाळा उभारण्याच्या कामीं लागल्या. नोंदवहीचा प्रवास अशा रीतीनें खंड ओलांडून झाला.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. नोंद ही झालेल्या गोष्टीची असते. योजना पुढें करावयाच्या गोष्टीची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत परिचारिका पुष्कळ लिहीत होती. ताप, नाडी आणि श्वास यांचा तक्ता ती भरी, औषध दिल्याची खूण करी, लघवीचें माप टिपी. पण पुढें काय करावयाचें हें लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांच्या हुकमापुरताच होता. परिचारिकेचा भूतकाळ लेखी, भविष्यकाळ मात्र तोंडीं, असा तो प्रकार. त्यांतून कामाची वांटणीहि विलक्षण होती. एकीनें सर्वांचे ताप पाहावयाचे, दुसरीनें सर्वांचीं मलमपट्टीचीं कामें उरकावयाचीं, तिसरीनें सर्वांना औषध द्यावयाचें. कामें झपाट्यानें होत, पण तीस रोग्यांपैकीं एकाहि रोग्याला संपूर्ण पाहणारी व्यक्ति वॉर्डांत नसे.

शाळांनीं यावर एक उपाय काढला. विद्यार्थिनीनें एक रोगी निवडावयाचा, त्याची सारी हकीकत, रोग, उपचार आणि शुश्रूषा यांचा सांगोपांग अभ्यास करून तो लिहावयाचा. या 'केस स्टडी'ची पद्धत १९२० नंतर अमेरिकेंतील शाळांत चांगलीच रुजली. याच परंपरेंत व्हर्जिनिया हेंडरसन यांचें काम येतें. बर्था हार्मर यांच्या पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ति हेंडरसनबाईंनीं १९३९ सालीं सिद्ध केली. आंतरराष्ट्रीय परिचारिका-परिषदेसाठीं लिहिलेल्या, १९६० सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेंत त्यांनीं शुश्रूषेच्या चौदा मूलभूत गरजा मांडल्या. श्वास, अन्न, उत्सर्ग, हालचाल, झोंप येथपासून आपल्या श्रद्धेप्रमाणें उपासना करणें आणि नवें कांहीं शिकणें येथपर्यंत ती यादी जाते. अंगांत बळ, इच्छा किंवा ज्ञान असतें तर रोग्यानें जें स्वतः केलें असतें, तें त्याच्यासाठीं करणें, आणि शक्य तितक्या लौकर तें त्याचें त्याला करूं देणें, ही हेंडरसनबाईंची शुश्रूषेची व्याख्या. तींत परिचारिकेच्या कार्याची सीमा आली, आणि प्रतिष्ठाहि आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत शिकलेल्या परिचारिकांचा तुटवडा पडला आणि अल्पशिक्षित मदतनीसांची भरती झाली. तेव्हां कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांतील एलिनॉर लॅम्बर्टसन यांनीं १९५३ सालीं पथकाच्या पद्धतीचें पुस्तक लिहिलें. एक शिकलेली परिचारिका पथकाची नायिका. तिच्या हाताखालीं दोन-तीन माणसें. आणि कांहीं रोग्यांची जबाबदारी या सर्वांवर मिळून. आतां प्रत्येकानें काय करावयाचें हें कोठें तरी लिहून ठेवल्याशिवाय चालेना. शुश्रूषा-योजना या गरजेंतून वॉर्डांत शिरली. ती बहुधा 'कार्डेक्स' नांवाच्या घडीच्या पत्रांवर पेन्सिलीनें लिहीत. रोग्याची स्थिति बदलली कीं खोडून पुन्हां लिहावयाचें, आणि रोगी घरीं गेला कीं पत्र फाडून टाकावयाचें. डॉक्टरांचा हुकूम शाईंत. तो दप्तरांत जपून ठेवीत. परिचारिकेचा विचार पेन्सिलींत. तो केराच्या टोपलींत जाई. एका रुग्णालयाच्या दोन विद्यांची किंमत या दोन लेखनसाधनांवरून कळून येते.

पुढच्या वीस वर्षांत पेन्सिलीची शाई झाली. येल विद्यापीठांत आयडा जीन ऑर्लंडो यांनीं परिचारिका आणि रोगी यांच्यांतील प्रत्यक्ष व्यवहार बारकाईनें पाहिला. रोग्याच्या वागण्याचा आपण लावलेला अर्थ खरा आहे कीं नाहीं, हें त्यालाच विचारून पाहिल्याविना केलेली शुश्रूषा वायां जाते, असा निष्कर्ष त्यांनीं १९६१ सालीं मांडला. १९६७ सालीं हेलन युरा आणि मेरी वॉल्श यांच्या पुस्तकानें पाहणी, योजना, कृति आणि परीक्षण अशी चार पायऱ्यांची शुश्रूषा-प्रक्रिया रूढ केली. १९७३ सालीं सेंट लुई येथें भरलेल्या परिषदेनें शुश्रूषेच्या निदानांचें वर्गीकरण हातीं घेतलें, आणि पाहणी व योजना यांच्या मध्यें निदानाची पांचवी पायरी आली. इंग्लंडांत परिचर्येच्या परिषदेनें १९७७ सालीं ही प्रक्रिया शिक्षणक्रमांत स्वीकारली. आज विद्यार्थिनी जे रकाने आंखते, त्यांची वंशावळ ही अशी आहे.

निदान हा शब्द परिचारिकेनें वापरावा, यावर पुष्कळ वाद झाला. डॉक्टरांचें निदान रोगाचें असतें, परिचारिकेचें त्या रोगामुळें माणसावर ओढवलेल्या अवस्थेचें. कल्पना करा, पक्षाघातानें उजवी बाजू लुळी पडलेला एक वृद्ध शेतकरी वॉर्डांत आला आहे. 'पक्षाघात' हें वैद्यकीय निदान झालें. पण त्याला आपल्या हातानें घांस घेतां येत नाहीं. कूस बदलतां येत नाहीं. पाणी गिळतांना ठसका लागतो. बोलावयाचें असतें तें ओठांवर येत नाहीं, म्हणून तो चिडतो. यांतल्या प्रत्येक गोष्टीला उपाय आहे, आणि त्यांतले पुष्कळसे परिचारिकेच्या हातांत आहेत.

अशा रोग्याची योजना लिहावयास शिकणें म्हणजे काय, तें पाहण्यासारखें आहे. नवशिकी मुलगी प्रथम लिहिते, 'वारंवार कूस बदलावी'. शिक्षिका विचारते, वारंवार म्हणजे केव्हां? मग ती लिहिते, 'दर दोन तासांनीं. आठ वाजतां डावी कूस, दहा वाजतां पाठ. प्रत्येक वेळीं टांच, खुबा आणि माकडहाड यांवरची कातडी पाहावी. लाली दिसल्यास लगेच सांगावें'. उद्दिष्टाच्या रकान्यांत ती लिहिते, 'रोग्याला व्यायाम शिकवीन'. शिक्षिका म्हणते, हें तुझें काम झालें, रोग्याचें उद्दिष्ट कोठें आहे? मग तें वाक्य फिरतें: 'शुक्रवारपर्यंत रोगी डाव्या हातानें उजवा हात उचलून छातीपर्यंत आणील'. कर्ता बदलला, वाक्याच्या मध्यभागीं परिचारिकेच्या जागीं रोगी येऊन बसला. व्याकरणाचा एवढासा फरक, पण शुश्रूषेचें सारें शील त्यांत सामावलें आहे.

शास्त्रीय कारणाचा रकाना तर खास विद्यार्थिनींसाठींच असतो. वॉर्डांतील रोजच्या योजनेंत तो बहुधा आढळत नाहीं. तो कां, याचें उत्तरहि इतिहासांत आहे. पाठीला चट्टे पडूं नयेत म्हणून साबण, स्पिरिट, तऱ्हेतऱ्हेचीं मलमें चोळण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. इंग्लंडांत डोरीन नॉर्टन आणि त्यांचे सहकारी यांनीं वृद्धांच्या रुग्णालयांत पद्धतशीर निरीक्षण करून १९६२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंगाला काय चोळलें यापेक्षां कूस वेळेवर बदलली कीं नाहीं, यावर चट्टा पडणें न पडणें अवलंबून आहे, असें दिसून आलें. कारण विचारण्याची सवय नसती, तर परिचारिका अजून साबणच चोळीत राहिली असती. नंबरच्या बाटलीपासून या रकान्यापर्यंतचें अंतर केवढें आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८८८ च्या मार्चांत लष्करी इस्पितळांसाठीं इंग्लंडाहून आलेल्या परिचारिकांची पहिली तुकडी मुंबईच्या बंदरांत उतरली. १८९१ सालीं मुंबईस परिचर्येच्या शिक्षणासाठीं पुढें आलेल्या बाई काशीबाई गणपत यांना पहिल्या भारतीय शिक्षित परिचारिकेचा मान दिला जातो. परपुरुषाची सेवा, मलमूत्राला हात, रात्रीचें घराबाहेर राहणें, या तिन्हीं गोष्टी त्या काळच्या समाजांत स्त्रीला दूषण लावणाऱ्या होत्या, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या पावलाचें मोल कळतें. १९०८ सालीं शिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटना झाली. १९३५ सालीं मुंबई इलाख्यांत नोंदणीचा कायदा झाला. तरी १९४६ सालीं भोर समितीनें अहवाल दिला, तेव्हां सुमारें ४३ हजार लोकांमागें एक परिचारिका असें प्रमाण निघालें. ब्रिटनमध्यें तेंच प्रमाण तीनशें लोकांमागें एक असें होतें. त्याच वर्षीं दिल्ली आणि वेल्लोर येथें परिचर्येचे पदवी-अभ्यासक्रम सुरू झाले, १९४७ सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, आणि १९६४ सालीं मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचें परिचर्या-महाविद्यालय निघालें. परिषदेच्या अभ्यासक्रमांतून रोगी-अभ्यास आणि शुश्रूषा-योजना हे शब्द जिल्ह्याजिल्ह्याच्या विद्यालयांपर्यंत पोंचले.

येथें एक अडचण खास आपली आहे. रोगी मराठींत बोलतो आणि योजना बहुतेक ठिकाणीं इंग्रजींत लिहावी लागते. 'जीव घाबरा होतो', 'पोटांत कालवाकालव होते', 'अंगांत त्राण नाहीं', 'कसेंतरीच वाटतें' अशा शब्दांनीं आमचा माणूस आपलें दुखणें सांगतो. यांतल्या 'जीव घाबरा होतो' या एका वाक्यांत धाप आहे, धडधड आहे, भयहि आहे. विद्यार्थिनी त्याचें इंग्रजी करतांना छापील यादींतील एक शब्द उचलते, आणि उरलेला अर्थ खाटेपाशींच राहून जातो. म्हणून चांगल्या शिक्षिका पाहणीच्या रकान्यांत रोग्याचे शब्द जसेच्या तसे लिहावयास सांगतात, आणि मगच त्यांचा अर्थ लावूं देतात. नाइटिंगेलबाईंनीं झोंपेविषयीं जें सांगितलें, तेंच येथें भाषेविषयीं म्हणतां येईल: गुळगुळीत शब्दानें रोगी दिसेनासा होतो.

शुश्रूषा-योजनेच्या भक्तांनीं तिची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. जें साधन विचारासाठीं निघालें, तें विचार टाळण्यासाठींहि वापरतां येतें. तयार योजनांचीं छापील पुस्तकें निघालीं. रोगाचें नांव काढावें, पान उघडावें आणि उतरून घ्यावें! त्या पानावरचा शब्द न् शब्द शुद्ध असतो. फक्त ज्याच्यासाठीं तो लिहावयाचा, त्या रोग्याचा त्यांत पत्ता नसतो. खुद्द हेंडरसनबाईंनीं १९८२ सालीं लिहिलेल्या लेखांत या प्रक्रियेवर शंका घेतली. शुश्रूषेंत अनुभवाला, अंतःस्फूर्तीला आणि कलेला जागा आहे. तिला एका ठराविक चाकोरींत बसवूं नये, असें त्यांचें म्हणणें. अमेरिकेंत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळानें १९९१ सालीं स्वतंत्र शुश्रूषा-योजनेची सक्ति काढून टाकली. आज संगणकाच्या पडद्यावर नुसत्या खुणा केल्या कीं योजना तयार होते. तीस-चाळीस रोग्यांच्या वॉर्डांत एकटी परिचारिका धांवत असते, तेथें सुंदर योजना लिहिण्याचा उपदेश कागदापुरता राहतो, हेंहि खरें. माणसें पुरेशीं असल्याशिवाय कागद शुश्रूषा करूं शकत नाहीं.

मग विद्यार्थिनीनें हे रकाने भरावे कीं न भरावे? भरावे, असें माझें नम्र मत आहे. पण कोणासाठीं हें ठरवून भरावे. परीक्षकासाठीं लिहिलेली योजना दप्तरांत जाते. रात्रपाळीला येणाऱ्या सोबतिणीसाठीं लिहिलेली योजना रोग्याच्या खाटेपाशीं जाते. माझ्या मागून येणारी मुलगी या रोग्याला ओळखत नाहीं. त्याला कोणत्या कुशीवर दुखतें, तो कोणाचें नांव घेऊन रडतो, त्याला चहा गार लागतो कीं गरम, हें तिला माझ्या अक्षरांतून कळलें पाहिजे. एवढा एक वाचक डोळ्यांपुढें ठेवला, कीं रकाने रुक्ष राहत नाहींत.

या तत्त्वाची साक्ष मुंबईनेंच दिली आहे. १९७३ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत तेथल्याच एका तरुण परिचारिकेवर क्रूर हल्ला झाला, आणि त्यानंतर २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षें, ती त्याच रुग्णालयांत शुद्ध हरपलेल्या अवस्थेंत होती. तिचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें आणि २०११ सालीं निकाल लागला, तेव्हां सदतीस वर्षांत तिच्या अंगाला एकहि चट्टा पडला नाहीं, ही गोष्ट देशाला कळली. परिचर्येच्या विद्यार्थिनींच्या प्रत्येक नव्या तुकडीला तिच्या खाटेपाशीं नेऊन, ही आपल्यांतलीच एक आहे, असें सांगत, हेंहि न्यायालयापुढें आलें. बेचाळीस वर्षें कोणतीहि एक परिचारिका तेथें नव्हती. कित्येक निवृत्त झाल्या, कित्येक नव्यानें आल्या. हात बदलत गेले, पण तिची कूस बदलावयाची कधीं राहिली नाहीं.

ही सेवा कागदानें केली असें मी म्हणणार नाहीं. ती चरकानें सांगितलेल्या अनुरागानें केली. पण अनुराग एका हातांतून दुसऱ्या हातांत न सांडतां देतां यावा, यासाठींच तर हा सारा दीडशें वर्षांचा खटाटोप आहे. चरकाच्या चार गुणांत लेखन नव्हतें. आज त्याला पांचवा गुण म्हणण्याचें कारण नाहीं. त्या चारहि गुणांचा वारसा पुढच्या पाळीला पोंचविणारा तो एक नम्र सेवक आहे, आणि परिचारिकेच्या लेखणीला याहून मोठा मान नको.